मेंदू आणि एआय: साम्य शोधायला निघण्याआधी काय शिकावं

मेंदूविज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता जिथे एकमेकांना भिडतात त्या संशोधनाला हल्ली 'न्यूरोएआय' म्हणतात. नाव नवं, नातं जुनं. या विषयात शिरू पाहणारे साधारण तीन वाटांनी येतात. संगणकशास्त्रातून आलेल्यांना जीवशास्त्राची धास्ती असते, जीवशास्त्रातून आलेल्यांना गणिताची, आणि मानसशास्त्रातून आलेल्यांना दोन्हींची. खालच्या पायऱ्या तिघांनाही चालतील. तयारी फार लागत नाही. पायथनमध्ये लूप आणि फंक्शन लिहिता यावं, आलेख काढता यावा. गणितात मॅट्रिक्सचा गुणाकार यावा, अवकलनाची तोंडओळख असावी आणि सहसंबंध म्हणजे काय हे पक्कं माहीत असावं. ही शेवटची गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामी येते.

एक सावधगिरी मात्र आधीच सांगायला हवी. मेंदू आणि न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं, थरांनी रचलेलं संगणकी मॉडेल) यांच्यात साम्य सापडणं अवघड नाही. थोडी खटपट केली की ते सापडतंच. ते साम्य नेमकं कशामुळे आलं हे ठरवणं अवघड असतं, आणि नवखेच काय, मुरलेले संशोधकही बहुतेक वेळा तिथेच घसरतात. म्हणून या लेखात काय वाचावं यापेक्षा काय तपासावं यावर भर आहे.

पायरी १: प्रश्न कोणत्या दिशेचा आहे ते ठरवा

या क्षेत्रात तीन वेगवेगळी कामं चालतात आणि बातम्यांमध्ये ती सरसकट एकाच नावाखाली खपवली जातात.

पहिलं काम मेंदूकडून कल्पना उसनी घेण्याचं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मांजराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या दृष्टी हाताळणाऱ्या भागातल्या, पेशींच्या नोंदी घेतल्या. काही पेशी ठरावीक जागी आणि ठरावीक कोनात असलेल्या रेषेलाच प्रतिसाद देत. काहींना कोन तोच लागे, पण रेषा थोडी सरकली तरी चाले. पहिल्यांना 'साध्या' पेशी म्हटलं गेलं, दुसऱ्यांना 'जटिल'. कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये मांडलेल्या निओकॉग्निट्रॉन या नेटवर्कमध्ये याच दोन प्रकारांचे थर एकाआड एक रचलेले होते. १९८९ मध्ये यान लकुन आणि सहकाऱ्यांनी हस्तलिखित अंक ओळखणारं जे कन्व्होल्यूशनल नेटवर्क (एकच छोटी चाळणी चित्रभर फिरवून पाहणारं) बनवलं, त्याची ठेवण याच परंपरेतली.

दुसरं काम उलट दिशेचं. इथे एआयचं मॉडेल हे मेंदूविषयीचं गृहीतक मानून वापरतात. २०१४ मध्ये डॅनियल यामिन्स, जेम्स डिकार्लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वस्तू ओळखण्यात जे नेटवर्क जास्त तरबेज, त्याचा वरचा थर माकडाच्या इन्फेरिअर टेम्पोरल कॉर्टेक्समधल्या (वस्तू ओळखण्याशी संबंधित भागातल्या) पेशींच्या प्रतिसादांचा अंदाज जास्त चांगला बांधतो. नेटवर्क शिकलं होतं फक्त वस्तू ओळखायला. मेंदूचा डेटा लागला तो शेवटी, थराची आणि पेशींची सांगड घालण्यापुरता.

तिसऱ्या कामात एआय निव्वळ हत्यार असतं. फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जो नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १,३९,२५५ न्यूरॉन (मेंदूतल्या पेशी) आणि ५ कोटींहून जास्त सिनॅप्स (त्यांच्यातले सांधे) आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांमधून पेशींच्या कडा शोधायचं काम नेटवर्कनी केलं आणि त्यांच्या चुका माणसांनी बसून दुरुस्त केल्या. आजारामुळे वाचा गेलेल्यांच्या मेंदूतल्या संकेतांवरून शब्द ओळखणाऱ्या यंत्रणाही याच गटातल्या. २०२३ मध्ये अशा दोन यंत्रणांनी मिनिटाला ६२ आणि ७८ शब्दांचा वेग गाठला. यांतलं नेटवर्क मेंदूसारखं आहे की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, काम झालं म्हणजे पुरे.

आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा आणि तो यांपैकी कुठे बसतो ते बाजूला लिहा. दोन ठिकाणी बसत असेल तर त्याचे तुकडे करा. 'मेंदूसारखा एआय बनवायचा' हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. 'झोपेत हिप्पोकॅम्पस (मेंदूचा स्मृतीशी संबंधित भाग) दिवसभरातल्या अनुभवांची उजळणी करतो, तशी उजळणी दिली तर नेटवर्क जुनं शिकलेलं कमी विसरतं का?' हा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं.

पायरी २: इतिहास, पण बेताचा

१९४३ मध्ये वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी न्यूरॉनचं पहिलं तर्कगणिती मॉडेल मांडलं. १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी सुचवलं की एक पेशी दुसरीला पेटवण्यात वारंवार भाग घेत असेल तर त्यांच्यातला सांधा बळकट होतो. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लाट यांचा पर्सेप्ट्रॉन, म्हणजे शिकू शकणारं साधं नेटवर्क, आला, १९८२ मध्ये जॉन हॉपफिल्ड यांचं स्मृतीचं नेटवर्क. हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरुवातीला एवढं पुरतं.

या इतिहासातल्या एकाच वादाकडे नीट लक्ष द्या. १९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट, हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्या शोधनिबंधामुळे बॅकप्रोपगेशन सर्वतोमुखी झालं. चूक शेवटच्या थरावर मोजायची आणि ती मागे मागे नेत प्रत्येक वजन (दोन न्यूरॉनमधल्या सांध्याची ताकद) सुधारायचं, ही ती पद्धत. तीन वर्षांत फ्रान्सिस क्रिक यांनी, म्हणजे डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतल्या एकाने, खऱ्या मेंदूत असं काही चालत असेल यावर जाहीर शंका घेतली. सगळ्यात मोठी अडचण अशी की चूक मागे नेण्यासाठी पुढच्या वाटेवरचीच वजनं उलट्या वाटेवर जशीच्या तशी लागतात, आणि सिनॅप्स तर एकाच दिशेने बोलतो. त्या उलट्या वाटेला ती वजनं कळणार कशी?

२०१६ मध्ये टिमोथी लिलिक्रॅप आणि सहकाऱ्यांनी यावर अनपेक्षित तोडगा दाखवला. उलट्या वाटेवर वाटेल ती यादृच्छिक वजनं ठेवून ती गोठवून टाकली तरी नेटवर्क शिकतं, कारण पुढची वजनं हळूहळू त्यांच्याशी जुळवून घेतात. हे वाचून हुरळून जाण्याआधी २०१८ मधलं सर्गेई बार्तुनोव्ह आणि सहकाऱ्यांचं काम बघा. इमेजनेटसारख्या मोठ्या कामावर (लाखो छायाचित्रांतल्या वस्तू ओळखण्याच्या) मेंदूला शोभेलशा या पद्धती बॅकप्रोपगेशनच्या बऱ्याच मागे पडल्या. म्हणजे कल्पना सुंदर, पुरावा अर्धवट. या क्षेत्रातल्या बहुतेक गोष्टींची हीच अवस्था आहे आणि तिची सवय लवकर लागलेली बरी.

पायरी ३: एक न्यूरॉन स्वतःच्या हाताने लिहा

माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन असतात आणि तो सुमारे २० वॅटवर चालतो, हे आकडे प्रत्येक व्याख्यानात भेटतात. त्यांनी भारावून जाण्यापेक्षा एका न्यूरॉनचं मॉडेल लिहा. सगळ्यात साधं मॉडेल 'लीकी इंटिग्रेट अँड फायर'. पेशीच्या पटलावरचा विद्युतदाब विश्रांतीच्या पातळीकडे गळत राहतो, बाहेरून येणारा प्रवाह त्याला वर ढकलतो, उंबरठा ओलांडला की स्पाइक (पेशीचा क्षणिक विद्युत ठोका) नोंदवायचा आणि दाब पुन्हा खाली आणायचा.

हे आकडे घ्या: विश्रांतीचा दाब उणे ७० मिलिव्होल्ट, उंबरठा उणे ५०, स्पाइकनंतर पुन्हा उणे ७०, कालांक (टाइम कॉन्स्टंट) २० मिलिसेकंद, रोध १० मेगाओहम. काळाची पायरी ०.१ मिलिसेकंद ठेवा. आता २ नॅनोअँपिअरहून कमी प्रवाह कितीही वेळ दिला तरी एकही स्पाइक येता कामा नये, कारण रोध गुणिले प्रवाह मिळून २० मिलिव्होल्टचं अंतर कापलंच जात नाही. प्रवाह २.५ नॅनोअँपिअर केला की दोन स्पाइकमध्ये सुमारे ३२ मिलिसेकंद अंतर पडतं, म्हणजे सेकंदाला ३१ च्या आसपास स्पाइक. हे उत्तर हातानेही काढता येतं: २० गुणिले ५ चा नैसर्गिक लॉगरिदम. तुमचा कोड ३१ ऐवजी ६० दाखवत असेल तर मेंदूबद्दल काही नवं सापडलेलं नाही, कोडमध्ये चूक आहे. हाताने पडताळता येईल अशा उदाहरणापासून सुरुवात करायची ही शिस्त पुढे फार उपयोगी पडते. 'ब्रायन'सारखी तयार लायब्ररी त्यानंतर वापरा, आधी नको.

नेटवर्कमधल्या 'न्यूरॉन'ला खरा न्यूरॉन समजू नका, हे सगळेच सांगतात. किती समजू नका, याचं उत्तर २०२१ मध्ये मिळालं. डेव्हिड बेनियागेव्ह, इदान सेगेव्ह आणि मायकल लंडन यांनी कॉर्टेक्सच्या पाचव्या स्तरातल्या एका पिरॅमिडल पेशीच्या सविस्तर मॉडेलची नक्कल डीप नेटवर्ककडून करून घेतली. त्यासाठी पाच ते आठ थर लागले. एनएमडीए या प्रकारचे रिसेप्टर (सिनॅप्सवर संकेत पकडणारे रेणू) मॉडेलमधून काढून टाकल्यावर मात्र एकच लपलेला थर पुरला. सगळी गुंतागुंत कुठे दडली आहे, ते या एका बदलाने दाखवलं.

पायरी ४: डोपामिनची गोष्ट, कोडसकट

मेंदू आणि एआय यांच्या देवाणघेवाणीतलं सगळ्यात भक्कम उदाहरण कोणतं असं विचारलं तर माझं बोट इथे जातं. वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या नोंदी घेत होते. अचानक रस मिळाला की पेशी जोरात पेटत. रसाआधी दर वेळी एक खूण दाखवली तर काही काळाने पेशी खुणेलाच पेटू लागत आणि रसाला गप्प राहत. खूण दाखवून रस दिलाच नाही तर रस यायच्या नेमक्या वेळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली जाई. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांना यात रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांच्या 'टेम्पोरल डिफरन्स' शिक्षणातली चूक दिसली: मिळालेलं अधिक पुढचा अंदाज, वजा आत्ताचा अंदाज. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू या तिघांचा शोधनिबंध १९९७ मध्ये आला.

हे २०-२५ ओळींत लिहून होतं. एका फेरीचे २० क्षण धरा. ५ व्या क्षणी खूण, १५ व्या क्षणी बक्षीस, बक्षिसाची किंमत १. प्रत्येक क्षणाचा एक अंदाज ठेवा, सुरुवातीला सगळे शून्य. शिकण्याचा दर ०.१. दर फेरीत प्रत्येक क्षणाची चूक काढा आणि तिचा दहावा भाग त्या क्षणाच्या अंदाजात मिळवा. पहिल्या, पन्नासाव्या आणि पाचशेव्या फेरीतल्या चुकांचे आलेख शेजारी शेजारी ठेवा. टेकडी बक्षिसाकडून खुणेकडे सरकलेली दिसेल. मग एका फेरीत बक्षीस काढून घ्या. १५ व्या क्षणी खड्डा दिसला पाहिजे.

इथे एक खाच आहे. खुणेच्या आधीच्या क्षणांनाही शिकू दिलंत तर टेकडी खुणेपाशी न थांबता थेट फेरीच्या सुरुवातीला जाऊन बसते. म्हणून ते अंदाज शून्यावर धरून ठेवावे लागतात, कारण खूण कधी येणार हे प्राण्याला माहीत नसतं. अशी छोटी गृहीतकं शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात एखाद्या वाक्यात उरकलेली असतात आणि निकाल त्यांच्यावर उभा असतो.

दुसरी खाच जास्त रंजक आहे. तुमच्या आलेखात टेकडी रांगत रांगत मागे येते, म्हणजे मधल्या फेऱ्यांमध्ये ती अध्येमध्ये कुठेतरी असते. खऱ्या पेशींमध्ये ही रांग बरीच वर्षं स्पष्ट दिसलीच नव्हती आणि टीकाकार ते बोट दाखवून सांगत. २०२२ मध्ये नाओशिगे उचिदा यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये ती हळूहळू होणारी सरक नोंदवली. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने डोपामिन असा पुढचा अंदाज बांधत नसून घडून गेलेल्याचं कारण मागे वळून शोधतं, असं पर्यायी स्पष्टीकरण मांडलं. त्याआधी, २०२० मध्ये, विल डॅबनी आणि सहकाऱ्यांनी वेगळाच धागा जोडला होता: एआयमध्ये बक्षिसाच्या सरासरीऐवजी त्याचं सगळं वितरण शिकवलं की कामगिरी सुधारते, आणि उंदराच्या डोपामिन पेशींमध्येही काही आशावादी तर काही निराशावादी असल्याच्या खुणा मिळतात. तीस वर्षं होत आली तरी भांडण जिवंत आहे. पहिला शोधनिबंध नीट वाचायचा असेल तर या परंपरेतला घ्या. दोन्ही बाजू आकड्यांत बोलतात.

पायरी ५: मोजमाप कसं होतं ते समजून घ्या

एफएमआरआय हा मेंदूचा स्कॅन पेशींचे संकेत मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनमधला फरक मोजतो. हा प्रतिसाद शिखराला पोचायला पाचएक सेकंद लागतात, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या एका वोक्सेलमध्ये (स्कॅनमधल्या सगळ्यात छोट्या ठोकळ्यात) लाखो न्यूरॉन असतात. ईईजी (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी घेतलेली विद्युत नोंद) मिलिसेकंदांत बोलतो, पण संकेत कुठून आला हे धूसर राहतं. न्यूरोपिक्सेल्ससारखे मेंदूत घालायचे बारीक प्रोब शेकडो पेशींचे स्पाइक एकदम टिपतात, मात्र बहुतांशी प्राण्यांमध्ये. तुमच्या प्रश्नाला कोणता वेग आणि किती बारकावा लागतो ते आधी ठरवा.

डेटासाठी कुणापुढे हात पसरायची गरज नाही. ओपनन्यूरो आणि डँडी ही खुली भांडारं आहेत. ॲलन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेचा उंदरांचा डेटा पायथनमधून थेट उतरवता येतो. माणसांचा हवा असेल तर 'नॅचरल सीन्स डेटासेट'मध्ये ८ जणांनी ७ टेस्लाच्या स्कॅनरमध्ये प्रत्येकी हजारो छायाचित्रं पाहिलेली आहेत. तो मिळवायला वापराच्या अटी मान्य कराव्या लागतात, आणि तो अवाढव्य आहे. पहिल्या प्रकल्पाला नको.

पायरी ६: नेटवर्क आणि मेंदू यांची पहिली तुलना

आता खरं काम. ॲलन इन्स्टिट्यूटच्या न्यूरोपिक्सेल्स डेटात उंदरांना ११८ कृष्णधवल छायाचित्रं, प्रत्येक साधारण ५० वेळा, दर वेळी पाव सेकंद दाखवलेली आहेत. आपण एवढंच विचारायचं: कोणती चित्रं एकमेकांसारखी आणि कोणती वेगळी, याबद्दल उंदराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सचं आणि नेटवर्कच्या एखाद्या थराचं मत जुळतं का? या पद्धतीला आरएसए (रिप्रेझेंटेशनल सिमिलॅरिटी ॲनालिसिस) म्हणतात. निकोलाउस क्रिगेस्कॉर्ट आणि सहकाऱ्यांनी ती २००८ मध्ये मांडली.

एका उंदराच्या एका भागातल्या पेशी निवडा. प्रत्येक चित्रासाठी प्रत्येक पेशीचा सरासरी फायरिंग रेट काढा. चित्रं एकामागोमाग एक, मध्ये विश्रांती न देता दाखवलेली असल्यामुळे पहिल्या काही मिलिसेकंदांत आधीच्या चित्राचाच प्रतिसाद मिसळलेला असतो. तो भाग वगळा. मग चित्रांच्या प्रत्येक जोडीसाठी 'एक वजा सहसंबंध' हे अंतर काढा. ११८ चित्रांच्या ६,९०३ जोड्या होतात. हे झालं मेंदूचं आरडीएम, म्हणजे या अंतरांचा तक्ता (रिप्रेझेंटेशनल डिसिमिलॅरिटी मॅट्रिक्स). तीच चित्रं पायटॉर्च या पायथन लायब्ररीतल्या, आधीच शिकवलेल्या अलेक्सनेट या चित्र ओळखणाऱ्या नेटवर्कला दाखवा आणि प्रत्येक थराचं आरडीएम तसंच काढा. शेवटी दोन्ही आरडीएममधला स्पिअरमन सहसंबंध (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून काढलेला). समजा तो ०.३ आला.

०.३ म्हणजे चांगलं की वाईट? या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही तोवर त्या आकड्याला अर्थ नाही, आणि ते द्यायला आणखी चार आकडे लागतात.

सर्वांत आधी नॉइज सीलिंग, म्हणजे डेटातल्या गोंगाटामुळे कोणतंही मॉडेल जास्तीत जास्त किती जुळू शकेल ती मर्यादा. ५० वेळांचे २५-२५ असे दोन गट पाडा, दोन्हींची स्वतंत्र आरडीएम काढून त्यांचा आपापसातला सहसंबंध बघा. मेंदूचं मेंदूशीच ०.४ जुळत असेल तर मॉडेलकडून ०.९ ची अपेक्षा कशी धरणार? उलट तेच ०.९५ जुळत असेल तर ०.३ ची फुशारकी मारायला नको.

मग न शिकवलेलं नेटवर्क. रचना तीच, पण वजनं यादृच्छिक. पायटॉर्चमध्ये एका शब्दाचा फरक आहे, तरी कित्येक जण ही तपासणी गाळतात. न शिकलेलं नेटवर्कही ०.२८ देत असेल तर 'वस्तू ओळखायला शिकल्यामुळे नेटवर्क मेंदूसारखं झालं' हे वाक्य गेलं. जे काही साम्य आहे ते बहुतेक कन्व्होल्यूशनच्या रचनेतून, किंवा चित्रांमधूनच आलंय.

म्हणून तिसरा आकडा निव्वळ पिक्सेलचा. चित्रांची कच्ची उजळ-अंधाराची मूल्यं घेऊन आरडीएम काढा. काही चित्रं मुळात काळवंडलेली आणि काही पांढरीफटक असतील तर कोणतीही प्रणाली त्यांना वेगळं मानणारच, आणि त्यासाठी बुद्धीची गरज नाही.

चौथा आकडा दुसऱ्या उंदराचा. एका उंदराचं मेंदू-आरडीएम दुसऱ्याशी किती जुळतं? आपलं मॉडेल हे आणखी एक उंदीर मानलं तर ते कळपात खपेल का, असा हा प्रश्न. मला स्वतःला चौघांपैकी ही कसोटी सगळ्यात प्रामाणिक वाटते.

सांख्यिकीतला एक सापळाही इथेच आहे. ६,९०३ जोड्या बघून सॉफ्टवेअर अतिसूक्ष्म पी-व्हॅल्यू (नुसत्या योगायोगाने असा निकाल यायची शक्यता) छापतं. पण जोड्या स्वतंत्र नसतात, कारण एकच चित्र ११७ जोड्यांमध्ये असतं. म्हणून चित्रांची नावं पिसून पुन्हा पुन्हा सहसंबंध काढा आणि खरा आकडा त्या गर्दीत कुठे पडतो ते बघा. जोड्या पिसायच्या नाहीत, चित्रं पिसायची.

तुमचं नेटवर्क उंदरावर फारसं चाललं नाही तर नवल नाही. हे मॉडेल माकडाच्या आणि माणसाच्या दृष्टीशी जास्त चांगलं जुळतं. उंदराची नजर मुळात अधू. त्याच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सशी उथळ, कमी रिझोल्यूशनच्या चित्रांवर आणि लेबलांशिवाय शिकलेलं नेटवर्क अधिक जुळतं, असं अरन नायेबी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं. चित्रं धूसर करून तुलना पुन्हा चालवून बघणं हा छान दुसरा प्रयोग आहे.

पायरी ७: आपलाच निष्कर्ष पाडून बघा

तीन उदाहरणं डोक्यात ठेवा.

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा एफएमआरआय स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं 'दाखवली'. हजारो वोक्सेलची एकदम चाचणी करताना जी दुरुस्ती करायला हवी ती न केल्यास माशाच्या मेंदूतही 'सक्रिय' भाग दिसला. केल्यावर गायब. तुम्ही नेटवर्कच्या २० थरांची मेंदूच्या ६ भागांशी तुलना केलीत तर १२० चाचण्या झाल्या. त्यांतल्या पाच-सहा निव्वळ योगायोगानेच ५ टक्क्यांची पातळी ओलांडतील.

२०१७ मध्ये एरिक जोनास आणि कोनराड कॉर्डिंग यांनी मेंदूविज्ञानातल्या रूढ पद्धती एका जुन्या मायक्रोप्रोसेसरवर चालवल्या. ६५०२ ही ती चिप, साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, आणि तिच्यावर चालणारे डाँकी काँगसारखे खेळ. एकेक ट्रान्झिस्टर निकामी करून कोणता खेळ बंद पडतो ते पाहिलं, तर जणू फक्त डाँकी काँगसाठीच असावेत असे ट्रान्झिस्टर 'सापडले'. अर्थात असं काही चिपमध्ये नसतं. ज्या यंत्राचा नकाशा माणसाच्या हातात आहे, त्यावरही पद्धती अशी उत्तरं देत असतील तर मेंदूवर त्यांनी दिलेल्या उत्तरांकडे किती विश्वासाने बघायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. हा शोधनिबंध नवख्यांनी पहिल्या महिन्यातच वाचावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तिसरं उदाहरण याच क्षेत्रातलं. हिप्पोकॅम्पसशेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधल्या 'ग्रिड' पेशी प्राणी मोकळ्या जागेत फिरताना षट्कोनी जाळीच्या ठिकाणी पेटतात. त्यांच्या शोधासाठी माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चं नोबेल मिळालं, 'प्लेस' पेशी (प्राणी ठरावीक जागी असताना पेटणाऱ्या) शोधणाऱ्या जॉन ओकीफ यांच्यासोबत. २०१८ मध्ये दिशा आणि अंतराचा हिशेब ठेवायला शिकवलेल्या नेटवर्कमध्ये तशाच जाळ्या आपोआप उगवल्याचं दोन गटांनी दाखवलं आणि मोठी खळबळ उडाली. २०२२ मध्ये रायलन शेफर, मिकाइल खोना आणि इला फीटे यांनी हजारो नेटवर्क शिकवून तपासलं. त्यांच्या मते हिशेबाचं काम बहुतेक नेटवर्क उत्तम शिकतात, पण जाळ्या क्वचितच उगवतात, आणि त्याही विशिष्ट रचना आणि विशिष्ट आकडे निवडले तरच. 'आपोआप' या शब्दाला तिथे चाप बसला.

यातून घ्यायची कृती सोपी आहे. तुमच्या मॉडेलमधले पाच निर्णय निवडा, उदाहरणार्थ थरांची संख्या, शिकण्याचा दर, अंतराचं माप, वेळेची खिडकी, यादृच्छिक बीज (ज्या संख्येपासून संगणक यादृच्छिक आकडे काढतो ती). प्रत्येक बदलून निकाल पुन्हा काढा. टिकला तर लिहा. नाही टिकला तर कशावर अवलंबून आहे ते लिहा. दुसरा प्रकारही प्रसिद्ध करण्याजोगा असतो, वरचं २०२२ चं काम त्याचाच दाखला.

पायरी ८: पुढे

भाषेकडे जायचं असेल तर भाषा-मॉडेल आणि मेंदू यांच्या तुलनेवर २०२१ नंतर खूप काम झालंय. वरच्या चारही तपासण्या तिथे आणखी कडक करा, कारण वाक्याची लांबी, शब्दाची वारंवारता आणि कथेतला क्रम एवढ्यानेही बऱ्यापैकी साम्य तयार होतं. शिवाय एफएमआरआयचा संकेत संथ असल्याने शेजारच्या क्षणांचे नमुने एकमेकांसारखेच असतात. ते प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्ही गटांत विखुरले तर गुण फुगतात. चाचणीसाठी वेगळी अख्खी कथा राखून ठेवा.

हार्डवेअरची ओढ असेल तर स्पाइकवर चालणाऱ्या चिप आहेत. लोइही आणि स्पिनेकर ही त्यांतली परिचित नावं. अलीकडे त्यांचा गाजावाजा कामापेक्षा थोडा पुढे पळतोय असं मला वाटतं, पण कमी विजेत संवेदकांचा डेटा हाताळण्यासाठी त्यांच्याकडे गांभीर्याने बघावं.

शिकण्यासाठी न्यूरोमॅच अकॅडमीचं साहित्य खुलं आहे. २०२० पासून ते चालू आहे, धडे थेट ब्राउझरमध्ये चालतात, आणि २०२४ पासून न्यूरोएआयचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. एकट्याने करण्यापेक्षा वेगळ्या विषयातून आलेला एक जोडीदार शोधा. संगणकवाल्याने जीवशास्त्रवाल्याला कोड समजावून सांगायचा आणि त्याने याला प्रयोग.

सहाव्या पायरीतली तुलना पुरी झाली की ती चार पानांत लिहून काढा. पहिल्याच आकृतीत मॉडेलचा आकडा, नॉइज सीलिंग, न शिकवलेलं नेटवर्क, पिक्सेल आणि दुसरा उंदीर असे पाचही स्तंभ शेजारी शेजारी हवेत. किती उंदीर, किती पेशी, कोणती वगळली आणि का, हे आकृतीखालीच लिहा. कोड खुला करा. मग ते लिखाण अशा माणसाला वाचायला द्या जो मेंदूच्या नोंदी स्वतः घेतो, आणि त्याला एवढंच विचारा: या निकालाचं यापेक्षा साधं कारण तुम्हाला दिसतंय का?